एक बोअर, तीन वर्तुळं

"ताई, तुमच्या प्रोग्रॅमने काल खालच्या वाडीच्या विहिरीजवळ नऊ बोअर दाखवल्या होत्या. आज चारच दाखवतोय. पाच बोअर रात्रीत बुजल्या का?"

फोनवर आमच्या गटातला कॉलेजचा मुलगा होता. त्याने काय केलं होतं, तर विहिरींची यादी एक्सेलमध्ये नावानुसार लावली होती. बस, एवढंच. एकही आकडा बदलला नव्हता, एकही विहीर वाढली नव्हती की कमी झाली नव्हती. ओळी वरखाली झाल्या, आणि माझं उत्तर बदललं.

मी पुण्यात प्रोग्रॅमिंगची नोकरी करते. बिलं, पगार, कर असले हिशेब. भूमितीशी संबंध दहावीनंतर सुटला तो सुटलाच. महिन्यातून दोन रविवार भोर तालुक्यात पाणवठ्यांच्या नोंदी घेणाऱ्या एका छोट्या गटाबरोबर जाते. नीरेच्या खोऱ्यातल्या, डोंगराच्या कुशीतल्या वाड्या. पावसाळ्यात चालायला वाट सापडत नाही इतकं पाणी, आणि एप्रिलात हंड्यांची रांग. पोरं फोनवरून विहिरी, झरे, बोअर यांचे अक्षांश-रेखांश टिपतात. त्या नोंदींचं पुढे काय करायचं ते आमच्यातल्या भूजलाच्या जाणकार ताई ठरवतात, आणि 'कॉम्प्युटरचं काय ते' माझ्याकडे येतं.

ताईंचा प्रश्न ऐकायला सोपा होता. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत किती बोअर आहेत? यातला ५०० हा आकडा त्यांच्या मनचा नाही. पिण्याचं पाणी राखण्यासाठी महाराष्ट्रात १९९३ साली भूजलाचा कायदा झाला, त्यात सार्वजनिक स्रोताच्या ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला मनाई केली. ताईंची वर आणखी एक अट होती: नुसतं अंतर बघायचं नाही, बोअर आणि विहीर दोन्ही एकाच पाणलोटात हव्यात. डोंगरधारेच्या पलीकडच्या उतारावरची बोअर ४०० मीटरवर असली, तरी ती पितेय दुसऱ्याच ओढ्याचं.

म्हणजे ११ सार्वजनिक पाणवठे, प्रत्येकाभोवती एक वर्तुळ. ६४ बोअर, म्हणजे ६४ बिंदू. आणि या सगळ्याखाली पाच पाणलोटांचे वेडेवाकडे आकार. कुठला बिंदू कुठल्या आकारात, एवढंच सांगायचं. शनिवारी रात्री करून देते, असं मी ताईंना म्हणाले. मला पुढचे दोन महिने लागले.

पहिल्या रात्री एकही बोअर एकाही वर्तुळात पडली नाही. नकाशा उघडून बघितला, तर ११ विहिरी भोरमध्ये होत्या आणि ६४ बोअर नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात. भोर साधारण १८.१५ अक्षांश, ७३.८५ रेखांशावर आहे. हे दोन आकडे उलटे वाचले की जागा येते ती उत्तर ध्रुवाच्या वाटेवरची, बेअर आयलंड नावाच्या बेटापासून थोडी दक्षिणेला. फोन आधी अक्षांश सांगतो, मग रेखांश. आपणही बोलताना तसंच म्हणतो. पण जिओजेसन, म्हणजे नकाशाचे बिंदू आणि आकार साठवायच्या फाइलमध्ये आधी रेखांश लिहायचा असतो, कारण आलेखाच्या कागदावर आडवा क्ष आधी येतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर, आणि या कामातला प्रत्येक जण या खड्ड्यात एकदा तरी पडतो. मी दोनदा पडले.

मग वर्तुळं. बिंदू वर्तुळात आहे का हे बघायला केंद्रापासूनचं अंतर मोजायचं आणि त्रिज्येशी ताडून बघायचं, पायथागोरस पुरे. माझं गणित मात्र अंशांत चाललं होतं. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून ५०० मीटर म्हणजे ०.००४५ अंश, असा सरळ हिशेब मी धरला. उत्तर-दक्षिण तो जवळजवळ बरोबर आहे. पूर्व-पश्चिम नाही. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात. भोरच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश १०६ किलोमीटरही भरत नाही. म्हणजे माझं वर्तुळ वर्तुळ नव्हतंच. उभ्या दिशेला ४९८ मीटर आणि आडव्या दिशेला ४७६, असं ते दोन्ही बाजूंनी दाबलेल्या मोदकासारखं झालं होतं. त्या बावीस-चोवीस मीटरच्या पट्ट्यात दोन बोअर बाहेर राहिल्या होत्या.

यावर उपाय म्हणजे अंश सोडून मीटरच्या जाळीवर यायचं. आपल्याकडे त्यासाठी यूटीएमचा, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या जाळीचा, ४३वा पट्टा वापरतात, ७२ ते ७८ रेखांशांमधला. (अख्ख्या राज्याचं काम करणाऱ्यांची इथे पंचाईत होते. अमरावती ४३व्या पट्ट्यात येते, वर्धा ४४व्यात. मधून महाराष्ट्र फाटतो.) सगळे बिंदू तिथे नेले, गणित परत केलं. आधी २१ बोअर आत येत होत्या, आता २३ आल्या. मी खुशीत ताईंना आकडा कळवला, कुठल्या विहिरीजवळ किती त्याचा तक्ताही दिला. दुसऱ्या दिवशी तो फोन आला.

चूक सापडायला दहा मिनिटं लागली आणि कळल्यावर लाज वाटली. प्रत्येक बोअर घ्यायची, एकेका विहिरीशी ताडून बघायची, वर्तुळात सापडली की त्या विहिरीच्या नावावर टाकायची आणि पुढच्या बोअरकडे जायचं, असं मी लिहिलं होतं. पगाराच्या हिशेबात हीच रीत बरोबर असते. एक कर्मचारी एकाच खात्यात असतो, सापडला की शोध थांबवावा. इथे वाड्या एकमेकींना चिकटून. खालची वाडी, मधली वाडी, देवळाची वाडी, तिघींच्या विहिरी सहाशे-सातशे मीटरच्या अंतराने, आणि वर्तुळांची त्रिज्या ५००. वर्तुळं एकमेकांवर चढणारच. मूळ यादीत खालच्या वाडीची विहीर पहिली होती, म्हणून तिला तिच्या सगळ्या नऊ बोअर मिळाल्या. नावानुसार लावल्यावर ती मागे गेली, आणि आधीच्या विहिरींनी उचलून उरलेल्या चार तिच्या वाट्याला आल्या. जो रांगेत पुढे, त्याचा हंडा आधी भरला.

गंमत म्हणजे एकूण २३ हा आकडा दोन्ही वेळा तोच होता. म्हणून मला संशयच आला नव्हता. बेरीज जुळली की आपण निश्चिंत होतो, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड.

मग शोध मध्येच थांबवणारी ती ओळ काढली. प्रत्येक बोअर सगळ्या ११ विहिरींशी ताडायची आणि जमलेली प्रत्येक जोडी लिहून ठेवायची. जोड्या निघाल्या ३७. आता कॉलेजच्या पोराने प्रत्येक विहिरीसमोरचे आकडे बेरीज करून अहवालात '३७ बोअर' लिहून टाकलं, आणि मी दुसऱ्या टोकाला जाऊन आपटले. १२ बोअर एकाच वर्तुळात होत्या, ८ दोन वर्तुळांत, ३ तीन वर्तुळांत. बोअर २३च, पण बारा, सोळा आणि नऊ मिळून जोड्या ३७. 'किती बोअर' आणि 'कुठल्या विहिरीला कितींचा त्रास' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांना एका रकान्यात कोंबता येत नाही. तेव्हापासून आमच्याकडे जोड्यांचा तक्ता वेगळा आणि बोअरचा वेगळा.

मध्ये एकदा नकाशावर रंग भरायच्या नादात मी ११ वर्तुळं एकाच आकारात गोळा करून ब्राउझरला दिली. चित्र बघण्यासारखं आलं. वर्तुळ निळं, दोन वर्तुळं एकमेकांवर आलेला भाग पांढरा, आणि तिन्ही जिथे एकत्र तिथे पुन्हा निळा. ठिपक्यांच्या रांगोळीसारखं सुंदर आणि पूर्ण चुकीचं. मी निवडलेल्या नियमाने सम वेळा झाकलेली जागा 'बाहेर' आणि विषम वेळा झाकलेली 'आत' धरली होती. जिथे विहिरींवर दुप्पट ताण, नेमकी तीच जागा नकाशावर मोकळी दिसत होती.

हाच सम-विषमाचा नियम पाणलोटांच्या बाबतीत मात्र उपयोगी पडला. पाणलोट वर्तुळासारखा नसतो, त्याला केंद्र नाही की त्रिज्या नाही. डोंगरधारेवरून फिरणारी शे-दोनशे कोपऱ्यांची वाकडी रेघ. बिंदू तिच्या आत आहे का हे ठरवायची युक्ती कुठल्याही शेतकऱ्याला पटेल अशी आहे. बिंदूवर उभं राहायचं आणि नाकासमोर पूर्वेला चालत सुटायचं. वाटेत त्या शेताचा बांध किती वेळा ओलांडला ते मोजायचं. विषम वेळा ओलांडला तर निघताना आपण आत होतो, सम वेळा किंवा एकदाही नाही तर बाहेर. वरवर हे इतकं उघड वाटतं की याला सिद्धता कशाला असं वाटावं. पण स्वतःला न ओलांडणारी बंद रेघ प्रतलाचे नेमके दोन भाग करते, एक आतला, एक बाहेरचा, हे काटेकोर मांडायला कामिल जॉर्डन या फ्रेंच गणितज्ञाला १८८७मध्ये चांगला घाम गाळावा लागला, आणि त्याची सिद्धता पुरी आहे की नाही यावर नंतर वाद झाले. कोडमध्ये मात्र हे सारं सात-आठ ओळींत बसतं. रँडॉल्फ फ्रँकलिन यांनी १९७०मध्ये लिहिलेला असा एक तुकडा आजही लोक जसाच्या तसा वापरतात.

मी तो हातानेच लिहिला, आणि लिहिताना कळलं की गोम कोपऱ्यांत आहे. चालत असताना पाय नेमका बांधाच्या कोपऱ्यावर पडला तर? दोन कडा तिथे मिळतात. दोन्ही मोजल्या तर एकदाच ओलांडून दोन होतात, एकही नाही मोजली तर ओलांडूनही शून्य. तोड अशी की प्रत्येक कडेचं खालचं टोक तिच्या मालकीचं मानायचं, वरचं नाही. मग बांध आरपार ओलांडताना कोपरा कुणा एकाच्याच पदरात पडतो. यासाठी मी चौकडीच्या वहीत दोन एकमेकांवर चढलेले चौकोन काढले, त्यांत नऊ ठिपके दिले, एक मधोमध, एक सामाईक भागात, एक कडेवर, एक कोपऱ्यावर, एक कोपऱ्याच्या बरोबर डावीकडे, वगैरे. प्रत्येकाचं उत्तर हाताने लिहिलं आणि कोडकडून तेच येईपर्यंत पुढे गेले नाही. शिवाय त्या फोनची आठवण म्हणून एक चाचणी कायमची लावली: यादी शंभर वेळा पिसायची, आणि दरवेळी तक्ता तोच आला पाहिजे.

(एक रात्र मी आर-ट्री वाचण्यात घालवली. लाखो आकारांमधून जवळचे तेवढेच झटकन वेचून काढायची ही रचना, अँटोनिन गटमन यांनी १९८४मध्ये मांडलेली. फार देखणी आहे. माझ्याकडे ६४ गुणिले ११ म्हणजे ७०४ तुलना होत्या, ज्या माझा जुना लॅपटॉप डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो. झोप गेली ती गेलीच.)

खरा त्रास कोडने दिला नाही, रेघांनी दिला. पाच पाणलोट आमच्या दोन मुलांनी क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगवेगळ्या आठवड्यांत गिरवले होते. शेजारच्या दोन पाणलोटांची धार एकच, पण एकाने ती गिरवली आपल्या हाताने, दुसऱ्याने आपल्या. दोन रेघा कुठे एकमेकींवर चढल्या, कुठे त्यांच्यात फट राहिली. त्या चिंचोळ्या पट्ट्यांमध्ये एक बोअर दोन पाणलोटांत निघाली आणि एक कुठल्याच नाही. आणि इथे मला दोन रात्री थांबावं लागलं, कारण माझा प्रोग्रॅम आता 'सगळ्या जोड्या लिहा' या धोरणावर होता, आणि त्याने काहीही तक्रार न करता ती बोअर दोन्ही पाणलोटांत लिहून टाकली होती. वर्तुळं एकमेकांवर येतात ती खरीच येतात. एक बोअर तीन विहिरींना भोवू शकते. पाणलोट एकमेकांवर आले तर ती गिरवणाऱ्याची चूक. पावसाचा थेंब एकाच उतारावरून जातो. बिंदू आत आहे का हे कोडला कळतं. आकारांनी एकमेकांवर यावं की नाही, ते कोडला कुणीतरी सांगावं लागतं. मी शेवटी नकाशाच्या प्रत्येक थराच्या वर तेच लिहिलं: वर्तुळं एकावर एक चालतील, पाणलोट चालणार नाहीत. आणि पाणलोटाच्या थरात एका बिंदूची दोन किंवा शून्य उत्तरं आली की प्रोग्रॅमने उत्तर न देता थांबायचं. धारा परत गिरवल्या, या वेळी स्नॅपिंग चालू ठेवून, म्हणजे शेजाऱ्याच्या रेघेला रेघ चिकटते.

तरी एक पाणलोट रुसलेलाच. गिरवणारा पोरगा फेरी पूर्ण करून थोडा पुढे गेला होता, त्यामुळे रेघ स्वतःलाच ओलांडत होती, धोतराचा सोगा खोचायचा राहिल्यासारखी. त्या दुहेरी झालेल्या भागातल्या दोन बोअर माझ्या कोडने बाहेर काढल्या. बांध दोनदा ओलांडला ना. डोळ्यांना तर त्या ढळढळीत आत दिसत होत्या. रेघ बिंदूभोवती किती वेढे घालते ते मोजणारी दुसरी पद्धत आहे, तिने त्या आत धरल्या. शेपली या पायथनच्या तयार लायब्ररीने तिसरंच सांगितलं: हा आकारच अवैध आहे. त्यावर एक घरगुती औषध सगळे सुचवतात, आकाराला शून्य मीटरचं बफर, म्हणजे शून्य रुंदीची वाढीव किनार, द्या, गाठी आपोआप सुटतात. दिलं. गाठ सुटली, आणि सोबत टोकाकडचा एक तुकडाही गायब झाला. म्हणून सांगते, हे औषध दिल्यावर क्षेत्रफळ आधीचं आणि नंतरचं ताडून बघा. मी तर ती रेघ हातानेच दुरुस्त केली. पाच मिनिटांचं काम होतं.

आणि मग खिंडीतलं टाकं. देवळापाशी कातळात कोरलेलं, आमच्या ११ पाणवठ्यांपैकी एक. पाणलोट गिरवताना पोरांनी खूण म्हणून त्याचेच अक्षांश-रेखांश रेघेचा कोपरा म्हणून वापरले होते. म्हणजे टाकं आत नाही, बाहेर नाही, नेमकं शिवेवर. शेपलीला 'सामावतो का' विचारलं, तर दोन्ही पाणलोट नाही म्हणाले, कारण नुसत्या कडेवर असलेल्या बिंदूला ती 'आत' म्हणत नाही. 'झाकतो का' विचारलं, तर दोन्ही हो म्हणाले. माझ्या हाताने लिहिलेल्या कोडने एकाच पाणलोटात टाकलं, पण त्यामागे भूजलशास्त्र नव्हतं, कुठलं टोक कुणाच्या मालकीचं हा माझा वहीतला नियम होता. ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "टाक्याचा सांडवा पूर्वेला आहे, मी पावसात बघितलाय. पूर्वेकडे धर." धरलं. नोंदीत कारणही लिहिलं.

पाणलोटाची अट लागल्यावर ३७ जोड्यांच्या २९ झाल्या आणि २३ बोअरच्या १९. ताईंनी तक्ता बघितला आणि विचारलं, "४९९ मीटरवरची बोअर आत आणि ५०३वरची बाहेर? फोन किती चुकतो ते माहीत आहे ना?" माहीत होतं. उघड्या माळावर चार-पाच मीटर, घळीत किंवा गर्द झाडाखाली त्याहून बरंच जास्त. मी वर्तुळ ६४ बाजूंच्या बहुभुजाने काढावं की थेट अंतराने यावर एक संध्याकाळ घालवली होती, का तर त्या बहुभुजाची कड मधोमध ६० सेंटीमीटर आत येते. आणि मुळात बोअरचा बिंदूच पाच मीटर इकडेतिकडे. शिवाय बेसॉल्टमधलं पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून वाहतं, त्याला ५०० मीटरचं गोल कुंपण कुणी घातलेलं नाही, हे ताईंचं वाक्य मी पूर्वीही ऐकलं होतं. तक्त्यात तिसरा पर्याय आला: आत, बाहेर, शंका. ४९० ते ५१० मीटरमधलं सगळं शंकेत. पाच जोड्या निघाल्या.

त्या पाच तपासायला मागच्या रविवारी गेलो. चार निकालात निघाल्या. पाचवी खालच्या वाडीच्या वरच्या अंगाला, फणसाच्या झाडाखाली. दोन वर्तुळांत पक्की, तिसऱ्याच्या काठावर. फोन केसिंगवर ठेवून दहा-दहा मिनिटं थांबून तीन वेळा मोजलं: ४९७, ५०६, ५०१. एक आबा बांधावर बसून आमचा खेळ बघत होते.

"काय मोजताय?"

म्हटलं, "आबा, ही बोअर विहिरीच्या ५०० मीटरच्या आत येते की बाहेर, ते बघतोय."

त्यांनी विहिरीकडे बघितलं, मग बोअरकडे. "आत येऊ द्या नाहीतर बाहेर जाऊ द्या. ही चालू केली की दोन दिसांत विहिरीचा तळ दिसतो. ती त्या अंगाची आहे ना," त्यांनी दुसऱ्या, ३०० मीटरवरच्या बोअरकडे हात केला, "तिनं काय बी होत नाही."

३०० मीटरवरची ती आमच्या यादीत 'आत' होती. ताईंनी वही काढली आणि आबांना विचारलं, कधीपासून, कुठल्या महिन्यात, मोटर किती अश्वशक्तीची. मी फणसाच्या सावलीत बसून तक्त्यात आणखी एक रकाना वाढवला. त्याला नाव काय द्यावं ते सुचेना, म्हणून सध्या 'आबा' असं लिहिलंय.